जिवतीचा कागद आणि चित्रशाळेचा दगड

कोकणातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथी पोथ्या हातानं रंगवलेल्या, म्हणून त्या लोककला; श्रावणाच्या तोंडावर पूजेच्या दुकानातून आणलेला जिवतीचा कागद मात्र बाजारू छपाई, अशी वाटणी आपल्याकडे सर्रास केली जाते. ती चुकीची आहे. चित्र कोणत्या साधनानं काढलं यापेक्षा ते कोणत्या दिवशी, कुणाच्या हातून, कशासाठी भिंतीवर चढतं, यावर त्याचं लोकचित्र असणं ठरतं. हे पडताळून पाहायला पुण्याइतकी चांगली जागा नाही, कारण देवादिकांची रंगीत शिळाछापाची चित्रं महाराष्ट्रात घरोघर पोचवणारा एक छापखाना इथं होता.

हा चित्रशाळा छापखाना निघाला १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं. तेव्हा न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) आणि ‘केसरी’ (१८८१) अजून व्हायचे होते, आणि राजा रविवर्म्याचा मुंबईतला छापखाना यायला सोळा वर्षं अवकाश होता. पुढे वासुकाका जोशींनी चित्रशाळा नावारूपाला आणली. ‘१०२६, सदाशिव पेठ’ हा तिचा पत्ता तिथं छापलेल्या पुस्तकांवर दिसतो. काम कष्टाचं होतं. घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. पाणी धरलेल्या भागावर शाई बसत नाही. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एक रंग केसभर सरकला तरी रामाचा मुकुट कपाळावर यायचा.

यावर आक्षेप येतो तो असा, की हा शिकलेल्या मंडळींचा राष्ट्रीय जागृतीचा उद्योग, त्यात लोकांचं काय? नाना फडणवीसांचं चित्र छापण्यामागे तो हेतू होताच. पण रामपंचायतनाचं चित्र विकत घेणारं घर त्याला चौकट करून देवाजवळ लावत होतं आणि हळदकुंकू वाहत होतं. छापणाऱ्याचा हेतू काहीही असो, चित्राचं काम काय हे घेणाऱ्यानं ठरवलं.

जिवतीच्या कागदात हे आणखी स्वच्छ दिसतं. वर खांबातून प्रकटलेला नरसिंह आणि कालियावरचा कृष्ण, मधे मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, खाली हत्तीवरचा बुध आणि वाघावरचा बृहस्पती. दिव्यांच्या अवसेला तो लावायचा. शुक्रवारी आघाडा-दूर्वांची माळ, कापसाचं गेजवस्त्र, पुरणाच्या दिव्यांनी मुलांचं औक्षण. यातली जरा म्हणजे जरासंधाची दोन शकलं जोडणारी राक्षसी. आपलं मुलांसह चित्र भिंतीवर काढणाऱ्या घराची भरभराट होते, असं महाभारताच्या सभापर्वाच्या प्रचलित पाठात तिच्याच तोंडी आहे. म्हणजे भिंतीवरच्या चित्राची कल्पना मुद्रणाच्या कितीतरी आधीची. ते कधी गंधानं काढलं गेलं, आता ऑफसेटवर छापलं जातं. साधन बदललं, वार आणि पूजा बदलली नाही.

चीनमध्ये असा वाद कुणी घालत नाही. त्येनचिनजवळच्या यांगल्यूछिंग गावात लाकडी ठशानं चित्रांच्या रेषा उमटवून वर कुंचल्यानं रंग भरत. चुलीच्या देवाचं चित्र वर्षाच्या अखेरच्या महिन्यात उतरवून जाळायचं आणि नव्या वर्षाला नवं लावायचं. एका ठशावरून ढिगानं प्रती निघाल्या म्हणून ती लोककला नव्हे, असं तिथं कुणाला वाटलं नाही. उलट २००६ साली चीननं ही परंपरा राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतली.

छपाईनं काही हिरावून घेतलं, हा आक्षेप मात्र खरा आहे. गंधानं जिवती काढणारीचा हात थांबला, घरागणिक वेगळे असणारे चेहरे एकसारखे झाले. ही हानी मोठी आहे आणि ती भरून आलेली नाही. पण जिला चित्र काढता येत नव्हतं तिच्याही घरी जिवती आली, हेही तितकंच खरं. आज परदेशातली मराठी घरं हाच कागद संगणकावरून घेऊन घरी छापतात. आणि परगावी असलेल्या मुलांसाठी चारी दिशांना अक्षता टाकणारी आई इथं त्याच कागदापुढे उभी असते.

या चित्रांचा अभ्यास अवघड जातो तो ती हलकी असल्यामुळे नव्हे, तर पूजा संपली की कागद विसर्जित होतो म्हणून. निदान एखाद्या संग्रहालयानं दर श्रावणात बाजारात येणाऱ्या प्रत्येक छपाईची एक प्रत, छापखान्याच्या नावासह आणि सालासह, जपून ठेवायला सुरुवात करावी.