कार्ल्सबादचा वाद्यवृंद आणि आकाशवाणीची संकेतधून

जर्मनभाषक मध्य युरोपात एकोणिसाव्या शतकात अभिजात संगीताची जी सुगम शाखा बहरली, तिचा मोठा आश्रय म्हणजे उष्णोदकाच्या झऱ्यांभोवती वसलेली आरोग्यस्थळे होत. झऱ्याचे पाणी पिण्यासाठी आलेल्या पाहुण्यांना तेथे वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांच्या ठेक्यावरील नृत्यसंगीत, तसेच ऑपेरांच्या प्रारंभी वाजणाऱ्या वाद्यरचना ऐकवल्या जात. बोहेमियातील कार्ल्सबाद, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील कार्लोवी व्हारी, येथे वॉल्ट्झचे रचनाकार योझेफ लाबिट्स्की यांनी १८३५ मध्ये असा वाद्यवृंद उभारला आणि पुढे तो त्यांचे पुत्र ऑगस्ट यांच्याकडे आला. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी जन्मलेल्या या वृंदाची तयारी एवढी होती की, रचनाकार द्वोर्झाक यांची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी १८९४ मध्येच याच गावी, ऑगस्ट लाबिट्स्की यांच्या संचालनाखाली वाजली. सुगम संगीत वाजवणाऱ्यांना कमी लेखण्याची रीत सर्वत्रच आढळते, म्हणून हा दाखला मोलाचा आहे.

त्याच कार्ल्सबादमध्ये १९०७ साली एका ज्यू कुटुंबात वॉल्टर कॉफमन यांचा जन्म झाला. बर्लिनमध्ये फ्रांत्स श्रेकर यांच्याकडे रचनाशास्त्र शिकून त्यांनी प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राचा अभ्यास केला. मात्र आपले मार्गदर्शक नाझी चळवळीत आहेत हे कळल्यावर तेथील डॉक्टरेट त्यांनी नाकारली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच ज्यू संगीतकारांना जर्मनीतील रंगमंच बंद झाले आणि १९३४ च्या प्रारंभी कॉफमन मुंबईस उतरले. मुंबईची निवड निव्वळ निरुपायाने झाली नव्हती. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकल्या तेव्हा त्यांना त्यांतले काहीच उमगले नव्हते. परंतु ज्या संगीतावर असंख्य माणसे प्रेम करतात ते आपल्याला कळत नसेल, तर उणीव आपल्याच कानात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि ते समजून घेण्यासाठी भारतात येण्याचे ठरवले. पाश्चात्त्य संगीतज्ञांमध्ये ही नम्रता त्या काळी दुर्मीळ होती आणि त्यांच्या पुढील सर्व कार्याचे मूळ तीतच आहे.

मुंबईत त्यांनी १९३४ मध्येच 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' स्थापन केली. चेंबर म्युझिक म्हणजे प्रत्येक भाग एकेकाच वादकाने सांभाळायचे, लहान दालनासाठी रचलेले संगीत. कॉफमन पियानोवर, पारशी वादक मेहली मेहता व्हायोलिनवर आणि इटालियन वादक एदिजिओ व्हेर्गा चेलोवर, असा हा संच विलिंग्डन जिमखान्यात दर आठवड्यास वाजवीत असे आणि मे १९३७ पर्यंत त्याच्या कार्यक्रमांची संख्या १३६ वर पोहोचली. मेहता यांनी १९३५ मध्ये 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभारला. अशा मोठ्या वृंदांना वादक मिळाले, ते मुख्यतः गोव्यातून, कारण पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाच रेघांवरील युरोपीय स्वरलेखन लहानपणीच शिकवले जाई. निर्वासित ज्यू, पारशी आणि गोवेकर ख्रिस्ती यांच्या या सहकार्याला मराठी संगीतविषयक लेखनात फारच थोडी जागा मिळाली आहे. वास्तविक याच गोवेकर परंपरेतील अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या वादकांनी पुढे हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यमेळाची शिस्त दिली.

१९३७ पासून १९४६ पर्यंत कॉफमन मुंबई नभोवाणीवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. ऑल इंडिया रेडिओची संकेतधून, म्हणजे प्रसारणापूर्वी वाजणारी ओळखीची धून, सामान्यतः त्यांच्या नावे नोंदली जाते आणि तिच्यातील व्हायोलिन मेहता यांचे मानले जाते. ती शिवरंजनी या पाच स्वरांच्या रागाशी निगडित आहे. युरोपीय वाद्यवृंद उभा असतो तो स्वरसंवादावर, म्हणजे निरनिराळे स्वर एकाच वेळी जुळवून वाजवण्यावर, तर राग एकाच स्वरपंक्तीतून उलगडतो. येथे तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिन पुढे येते आणि त्याला स्वरसंवादांचे ओझे वाहावे लागत नाही. रचनाकाराने काय टाळले, यातच त्याची समज दिसते. १९५० मध्ये हैदराबाद, म्हैसूर आणि त्रिवेंद्रम या संस्थानी केंद्रांबरोबर औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, केंद्रही ऑल इंडिया रेडिओत विलीन झाले आणि निजामाच्या नभोवाणीचे हे ठाणे त्याच धुनेच्या छत्राखाली आले.

१९४६ मध्ये कॉफमन यांनी भारत सोडला. १९४८ पासून सुमारे दशकभर त्यांनी कॅनडातील विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालन केले आणि नंतर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अध्यापन केले. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९६८ मध्ये आणि दाक्षिणात्य रागांवरील १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८४ मध्ये ते निधन पावले. केवळ एका धुनेचे कर्ते म्हणून त्यांचे स्मरण करणे अपुरे आहे. रागसंगीताचा अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकांनी हे दोन ग्रंथ अवश्य पाहावेत.