गंजीफ्रॉकची कुळकथा

वसईचे नाव निघाले म्हणजे इतिहासप्रेमी मनुष्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो तेथील किल्ला. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्याने हा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो त्यांच्याकडून जिंकून घेतला. ह्या दोनशे वर्षांच्या अंमलाच्या खुणा भग्न तटांत आणि छपरे गेलेल्या चर्चच्या भिंतींत अद्याप पाहावयास मिळतात. परंतु पोर्तुगीजांच्या सहवासाची एक खूण अशी आहे की, ती पाहण्यासाठी किल्ल्यावर जावे लागत नाही. ती गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानात सापडते. गुंडी ज्या भोकात बसवावयाची त्या भोकास मराठीत ‘काज’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत ‘काझा’ म्हणजे घर. काज म्हणजे गुंडीचे घर. ‘फीत’ हा शब्द त्याच भाषेतला आणि ‘इस्त्री’ही तिकडूनच आलेली. शिवणकामाची कला आपल्याकडे त्यापूर्वी नव्हती असे मात्र कोणी समजू नये. नामदेवांचे कुळ शिंप्याचे होते हे सर्वश्रुत आहे. कपड्याची एखादी नवी रीत परक्या देशातून आली म्हणजे तिचे नावही तिच्याबरोबर येऊन घरात राहते, एवढाच ह्याचा अर्थ.

असाच एक पाहुणा शब्द म्हणजे ‘गंजीफ्रॉक’. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ गर्न्सी नावाचे एक लहानसे बेट आहे. तेथील कोळी लोकरीचा, अंगाला घट्ट बसणारा, सुयांवर विणलेला एक सदरा घालीत. त्यास इंग्रज खलाशी ‘गर्न्सी फ्रॉक’ म्हणू लागले. जहाजांबरोबर तो आपल्या बंदरांत आला, लोकरीचा सुती झाला, आणि गर्न्सीची ‘गंजी’ झाली. शेजारच्या जर्सी बेटाचे नावही असेच कापडास चिकटले. ‘बनियन’ ह्या दुसऱ्या नावाचा प्रवास तर याहून मौजेचा आहे. ते मुळात आपल्याकडचा ‘वाणी’ ह्या शब्दापासून निघाले. आपल्या व्यापाऱ्यांच्या अंगातील सैल वस्त्र पाहून परदेशी लोकांनी त्यास ते नाव दिले, आणि शतकानुशतके बाहेर हिंडून तोच शब्द आतून घालावयाच्या कपड्याचे नाव होऊन घरी परतला.

इतकी मोठी कुळकथा असलेला हा कपडा. परंतु साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा एखादा गंजीफ्रॉक पाहावयाचा म्हटले तर तो कोणत्या घरी मिळेल? वसईच्या सामवेदी ख्रिस्ती कुटुंबांत आजीचे लाल लुगडे पेटीत जपून ठेवलेले आढळते. लग्नकार्यात नाती ते अभिमानाने नेसतात. पैठणीचे तर सांगावयासच नको. सणाचे वस्त्र टिकते, कारण ते वर्षातून दोनदाच अंगावर चढते. रोजचे वस्त्र अंगावरच झिजते. जुन्या धोतराची आणि लुगड्याची निदान गोधडी होते, आणि तिच्या थरांतून घराण्याचा थोडासा इतिहास शिल्लक राहतो. जरीच्या साडीवर बोहारीण एखादे पातेले देते. गंजीफ्रॉकच्या नशिबी मात्र ह्यांपैकी काहीच नाही. त्याचे कापड ताणले जाते म्हणून ते गोधडीस चालत नाही, आणि बोहारीण त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तो सरळ सायकल पुसण्याच्या किंवा फरशी पुसण्याच्या कामी लागतो.

साध्या वस्त्राची ही उपेक्षा सर्वांनीच केली असे नाही. १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदुस्थानी कापडाचे सातशे नमुने अठरा खंडांत चिकटवून प्रसिद्ध केले. असे वीस संच तयार झाले. त्यांतील तेरा ब्रिटनमध्ये ठेवले गेले व सात इकडे आले. त्याचे लक्ष किनखापापेक्षा पागोटी, लुंग्या, लुगडी अशा सामान्य जनांच्या कापडावर अधिक होते. हेतू उघड होता. इकडचा गरीब मनुष्य काय नेसतो, त्याची लांबी-रुंदी किती, काठ कसा, हे विलायतच्या कारखानदारास समजले पाहिजे, म्हणजे तो तसेच कापड यंत्रावर काढून इकडे विकू शकेल. ज्या वस्तूस आपल्या घरी कोणी किंमत देत नव्हते, तिचे मोल परक्याने अचूक ओळखले. रोजच्या कपड्यात एका काळाची सारी कारागिरी आणि सारा व्यापार गुंफलेला असतो, हे त्या अठरा खंडांनी सिद्ध केले.

गंजीफ्रॉकमधील कारागिरी समजण्यास एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. मराठीत मागावरचे कापडही ‘विणतात’ आणि स्वेटरही ‘विणतात’; परंतु ही दोन कामे अगदी भिन्न आहेत. मागावर उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांस छेदून जातात. म्हणून धोतर ताणले तरी फारसे वाढत नाही. सुईवरच्या कामात एकाच धाग्याचे टाके एकमेकांत अडकवीत नेतात. प्रत्येक टाका किंचित उघडतो व मिटतो, म्हणून कापड अंगाबरोबर हलते. गंजीफ्रॉकचे कापड भिंगाखाली धरले तर बाहेरून सगळे सुलट टाके आणि आतून सगळे उलट टाके दिसतील. ज्या गृहिणीने कधी स्वेटर विणला आहे, तिला हे निराळे सांगावयास नको. हातांचे हे काम इंग्लंडात विल्यम ली ह्याने १५८९ च्या सुमारास प्रथम यंत्रावर आणले. पुढे गोल यंत्रे निघाली आणि त्यांतून कापड नळीसारखे सलग बाहेर येऊ लागले.

ह्याच कापडाचा आखूड बाह्यांचा सदरा १९१३ च्या सुमारास अमेरिकेच्या आरमाराने खलाशांच्या गणवेषात आतून घालण्यासाठी घेतला. पसरून ठेवला असता तो इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा दिसतो, म्हणून ‘टी-शर्ट’. १९२० साली हा शब्द अमेरिकन कादंबरीकार फिट्झजेराल्ड ह्याच्या एका पुस्तकात छापला गेला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिक तो उघडपणे वापरू लागले, आणि १९५१ साली मार्लन ब्रँडो ह्या नटाने तो पडद्यावर घातल्यावर आतल्या कपड्याचा बाहेरचा कपडा झाला. आज जुने टी-शर्ट जमविणारे लोक जगभर आहेत. जपानात तर ह्या आवडीने एक मरू घातलेली विद्या जिवंत ठेवली. वाकायामा प्रांतात तुळईला टांगलेली जुनी गोल यंत्रे अजून फिरतात. त्यांतून तासाला सुमारे एक मीटर कापड निघते. नवी यंत्रे याच्या कितीतरी पट काम करतात. परंतु जुन्या यंत्रावरचे कापड ओढले न जाता स्वतःच्या भाराने खाली उतरते, म्हणून ते मऊ राहते आणि पुष्कळ धुतल्यावरही आपला आकार धरून असते.

जाणता संग्राहक कपड्याकडे पाहतो तो नुसत्या चित्रासाठी नव्हे. तो प्रथम बगलेखालून कमरेपर्यंत बोट फिरवितो. तेथे शिवण नसेल तर कापड नळीचे आहे, म्हणजे प्रत्येक मापासाठी निराळ्या घेराचे यंत्र चालविले गेले. शिवण असेल तर रुंद पन्ह्याच्या कापडातून सर्व मापे एकदम बेतली आहेत. ही रीत स्वस्त, म्हणून ती पसरली. मग तो बाहीची आणि खालची दुमड पाहतो. तेथे टाक्यांची एकच ओळ असेल तर कपडा बहुधा १९९० च्या दशकापूर्वीचा. त्यानंतर दोन सुयांच्या यंत्राची जोड-ओळ सार्वत्रिक झाली. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांची पट्टी शिवण्याचा नियम १९७२ पासून लागू झाला. तीही कालनिर्णयास उपयोगी पडते. चित्राचा रंग धाग्यात मुरला आहे की वर पापुद्र्यासारखा बसला आहे, हे शेवटी पाहावयाचे. ह्यांतील कोणतीही एक खूण निर्णायक नव्हे, कारण नव्या कपड्यास झिजवून जुना म्हणून विकणारेही पुष्कळ आहेत. सर्व खुणा एकमेकींशी जुळल्या तरच साक्ष खरी मानावी. नाणी आणि ताम्रपट तपासणारे विद्वान ह्याहून निराळे काय करतात?

हा विचार वसई-विरारच्या रहिवाशांस विशेष लागू आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली, आणि तेव्हापासून ह्या प्रदेशाचे भवितव्य मुंबईच्या उद्योगाशी बांधले गेले. त्या मुंबईत १८५४ साली कावसजी दावर ह्यांनी पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष गिरणीकामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद झाले, आणि गिरणगावातील कितीतरी कुटुंबे स्वस्त घराच्या शोधात नालासोपारा-विरारकडे आली. ज्या हातांनी लाखो वार कापड काढले त्यांच्या घरी त्या कापडाचा तुकडाही बहुधा नसेल, आणि साच्यापुढे उभे राहताना अंगात असलेला गंजीफ्रॉक तर खासच नसेल. आज वसईच्या पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे ह्या भागांत लहान कारखान्यांच्या वसाहती आहेत. त्यांतील शिवणयंत्रांवर बसणारी नवी पिढी टी-शर्टाच्या बाह्या जोडते. तिच्याही हातचे काम आणखी पन्नास वर्षांनी कोणास पाहावयास मिळेल, हा प्रश्न आहे.

संग्रहासाठी संपत्तीच लागते असे नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा लोकांनी माळ्यावर टाकलेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले, आणि १९७५ साली तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपविला. वस्त्रांच्या बाबतीत घरोघरी एवढे सहज करता येईल. घरातील एक साधा, नित्याचा कपडा निवडावा. तो स्वच्छ धुऊन, स्टार्च न घालता, सावलीत वाळवावा. सुईवर विणलेले कापड खुंटीवर टांगू नये, खांदे ओघळतात. सुती पांढऱ्या फडक्यात सैल घडी करून ठेवावी आणि वर्षातून एकदा घडीची जागा बदलावी. बरोबर एक चिठ्ठी असावी: कोणी वापरला, कोणत्या साली, कोठून घेतला, किती रुपयांस. चिठ्ठीवाचून कपडा मुका राहतो.

पुढच्या वेळी दारात बोहारीण येईल आणि जुन्याचे गाठोडे सोडले जाईल, तेव्हा त्याच्या तळाशी एकदा हात घालून पाहावा. पातेल्यावर न जाणारा, फरशीसाठी बाजूला काढलेला एखादा विटका गंजीफ्रॉक तेथे असेल. त्याची खालची दुमड उलटून टाक्यांच्या ओळी मोजावयास एक क्षण पुरे.