वारा, मैदान आणि धावांचा आकडा

29 सप्टेंबर 1954 या दिवशी न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर बेसबॉलच्या वर्ल्ड सीरिजमधला पहिला सामना खेळला गेला. क्लीव्हलंड विरुद्ध न्यू यॉर्क जायंट्स. आठव्या डावात धावसंख्या 2-2 अशी बरोबरीत होती आणि क्लीव्हलंडचे दोन गडी धावण्याच्या पवित्र्यात बेसवर उभे होते. विक वर्ट्झ या फलंदाजाने मैदानाच्या ऐन मध्यभागी चारशे फुटांच्याही पलीकडे चेंडू भिरकावला. विली मेज पाठमोरा धावत सुटला आणि धावता धावताच त्याने खांद्यावरून आलेला तो चेंडू झेलला. बेसबॉलच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध झेल. दहाव्या डावात त्याच मैदानावर डस्टी ऱ्होड्स नावाचा जायंट्सचा राखीव खेळाडू फलंदाजीला आला. त्याचा फटका उजव्या बाजूच्या कोपऱ्यात, कसाबसा दोनशे साठ फूट गेला आणि भिंतीपलीकडे पडला. होमरन, म्हणजे आपल्या षटकाराचा थोरला भाऊ. तीन धावा झाल्या, सामना 5-2 असा जायंट्सने जिंकला आणि पुढे चारही सामने जिंकून मालिकाही खिशात घातली.

चारशे फुटांवरचा फटका बाद आणि दोनशे साठ फुटांवरचा फटका विजयी! यात अन्याय झाला असे त्या दिवशी कुणी म्हटल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. कारण हा खेळच असा आहे. बेसबॉलच्या मैदानाचा आतला चौकोन नियमाने पक्का बांधलेला असतो. एका बेसपासून दुसऱ्या बेसचे अंतर नव्वद फूट. चेंडू फेकणारा पिचर आणि फलंदाज यांच्यातले अंतर साठ फूट सहा इंच, आणि तेही 1893 पासून बदललेले नाही. पण चौकोनाच्या बाहेर पाऊल टाकले की नियमांचा हात सैल होतो. जुनी मैदाने शहरातल्या गल्लीबोळांत मावतील तशी बांधली गेली. पोलो ग्राउंड्स लांबट होते, म्हणून मध्यभाग अफाट आणि कोपरे चिंचोळे. बॉस्टनच्या 1912 सालच्या फेनवे पार्कमध्ये डाव्या बाजूला रस्ता आडवा आला, म्हणून भिंत जवळ आली. जवळ आली म्हणून ती सदतीस फूट उंच करावी लागली. 1958 नंतर बांधायच्या मैदानांसाठी कोपऱ्यात किमान 325 फूट आणि मध्यभागी 400 फूट असा नियम झाला खरा, पण सवलती देण्याची चाल काही थांबली नाही. क्रिकेटमध्येही सीमारेषा कमीजास्त होते, पण दोरी हलवणे वेगळे आणि कायमची भिंत वेगळी.

आता शिकागोला जाऊ. तिथले रिग्ली फील्ड 1914 साली उभे राहिले. मिशिगन सरोवर तिथून मैलभराच्या आत आहे. फलंदाज उभा असतो नैऋत्येच्या कोपऱ्यात आणि त्याचे तोंड ईशान्येकडे, म्हणजे साधारण सरोवराच्या दिशेला. वसंत ऋतूत सरोवराचे पाणी गार असते. तिकडून येणारा वारा फलंदाजाच्या तोंडावर येतो आणि भिंतीकडे निघालेला चेंडू परत मैदानात आणून टाकतो. उन्हाळ्यात नैऋत्येचा ऊन वारा सुटला की त्याच उंचीचा फटका प्रेक्षकांवरून थेट रस्त्यावर! एकाच मैदानात दोन मैदाने नांदतात म्हणा ना.

आकडेच पाहा. 2 मे 1917 रोजी, थंडीच्या दिवशी, या मैदानावर शिकागो आणि सिनसिनाटी या दोन्ही संघांच्या पिचर्सनी पहिल्या नऊ डावांत समोरच्या संघाला एकही हिट दिली नाही. दहाव्या डावात सिनसिनाटीने एक धाव काढली आणि सामना 1-0 असा संपला. 25 ऑगस्ट 1922 रोजी इथेच शिकागो कब्सने फिलाडेल्फियाला 26-23 असे हरवले. एकूण धावा 49. हा विक्रम आजही मोडलेला नाही. आणि 17 मे 1979 रोजी हेच दोन संघ, हेच मैदान, वारा भिंतीच्या दिशेने भणाणत होता. फिलाडेल्फियाने पहिल्याच डावात सात धावा केल्या, तर शिकागोने लगेच सहा. पाहुणे एके वेळी 21-9 असे पुढे होते, तरी 22-22 अशी बरोबरी झाली. शेवटी दहाव्या डावात माइक श्मिटच्या होमरनने फिलाडेल्फियाला 23-22 असा विजय मिळाला. त्या एका दुपारी अकरा होमरन मारले गेले.

अशा ठिकाणी पैजा लागल्या नसत्या तरच नवल. रिग्लीच्या उघड्या सज्जात बसून, पुढचा चेंडू कसा पडेल यावरही पैसे लावणाऱ्यांचे अड्डे होते. 1920 च्या मे महिन्यात पोलिसांनी वेष पालटून, प्रेक्षकांत मिसळून त्यांची धरपकड केली. त्याच वर्षी 31 ऑगस्टच्या एका सामन्याबद्दल संशय आला (योगायोग असा की तोही कब्स आणि फिलाडेल्फिया यांच्यातलाच), म्हणून शिकागोत न्यायालयीन चौकशी बसली आणि तिच्यातून बाहेर पडले ते त्याहून मोठे प्रकरण. 1919 ची वर्ल्ड सीरिज शिकागोच्याच दुसऱ्या संघातल्या खेळाडूंनी पैसे घेऊन हरल्याचे ते प्रकरण. त्या आठ खेळाडूंवर 1921 मध्ये आजन्म बंदी आली.

कोण जिंकणार यावरच्या पैजेत खेळाडू फोडण्याचा धोका उघड असतो. धावांच्या बेरजेवरची पैज त्या मानाने सभ्य वाटते. दोन्ही संघांच्या मिळून धावा साडेआठांच्या वर की खाली, एवढाच प्रश्न. ही ‘साडे’ची भानगड बरोबरी टाळण्यासाठी असते. आपल्या मुंबईत न्यू यॉर्कच्या कापूस बाजाराचा भाव कोणत्या आकड्यावर उघडला आणि कोणत्यावर बंद झाला, यावर वर्षानुवर्षे पैसे लागत असत. पुढे 1960 च्या दशकात त्यातूनच मटका निघाला, हे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. पण काळबादेवीत आकडा लावणाऱ्याला न्यू यॉर्कचा बाजार दिसत नसे. रिग्लीला मात्र धावफलकावरचे झेंडे सगळ्यांनाच दिसतात. झेंडा सरोवराकडे फडफडतोय, म्हणजे आज धावांचा पाऊस, हे शेंबड्या पोरालाही कळते.

मी आयुष्यभर सांख्यिकी शिकवली. त्यामुळे मला या प्रकरणात रस आहे तो इथे. जे सगळ्यांना दिसते, त्याचा फायदा कुणाला? नेवाडा राज्यातले बुकी इतर मैदानांचे आकडे आदल्या रात्रीच लावत; रिग्लीची जागा मात्र कोरी ठेवत आणि सकाळी वाऱ्याची खबर आली की मग ती भरत. वारा आत येत असेल तर सात, बाहेर जात असेल तर अकरा-बारा. म्हणजे झेंडा पाहून तुम्ही खिडकीशी पोहोचता, तेव्हा तो वारा आकड्यात आधीच मुरलेला असतो. तुम्ही वाऱ्यावर पैज लावत नाही; बुकीने वाऱ्याचा अंदाज बरोबर केला की चूक, यावर लावता.

त्यात हिशेबाची पाचर आणखी एक. शंभर डॉलर जिंकायला तिथे साधारणपणे एकशे दहा लावावे लागतात. शंभर पैजांपैकी पन्नास जिंकलात तर आले पाच हजार, गेले साडेपाच हजार. बावन्न जिंकलात तरी आले बावन्नशे आणि गेले बावन्नशे ऐंशी. त्रेपन्नाव्या पैजेला कुठे चार पैसे हाती लागतात. नाणे उडवणाऱ्यापेक्षा शंभरात तीनच वेळा जास्त बरोबर यायचे, ऐकायला किती सोपे! वर्षानुवर्षे ते साधणारी माणसे फार थोडी, आणि ती झेंड्याकडे बघून पैसे लावत नाहीत.

या सगळ्या शास्त्राची खरी परीक्षा झाली ती डेन्वरला. समुद्रसपाटीपासून 5280 फूट, म्हणजे बरोबर एक मैल उंचीवरचे हे शहर. 1993 मध्ये तिथे कोलोरॅडो रॉकीज हा नवा संघ आला आणि 1995 मध्ये कूर्स फील्ड हे त्याचे मैदान तयार झाले. प्रेक्षागारातली खुर्च्यांची एक रांग जांभळी आहे. ती मैलाची खूण. एवढ्या उंचीवर हवा समुद्रकाठच्या मानाने पाचव्या हिश्श्याच्या आसपास विरळ असते. चेंडूला अडवायला हवाच कमी, म्हणून तो लांब जातो. आणि वळवायलाही हवाच कमी, म्हणून पिचरचा वळणारा चेंडू हवा तसा वळत नाही. बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांनी भिंती दूर नेल्या, मध्यभागी 415 फुटांपर्यंत. झाले काय, की मोकळी जागा वाढली आणि क्षेत्ररक्षकांच्या मध्ये पडणारे साधे फटकेही वाढले. एक भोक बुजवायला गेले, दुसरे पडले. 1996 मध्ये तिथे दोन्ही संघांच्या मिळून सामन्यामागे सरासरी पंधराच्या आसपास धावा झाल्या. 1999 च्या एका हंगामात या एकाच मैदानावर 303 होमरन मारले गेले.

हवेबद्दलचा एक लोकभ्रम इथे सांगितलाच पाहिजे. दमट दिवशी ‘आज हवा जड आहे, चेंडू जाणार नाही’ असे समालोचक म्हणत आणि पैज लावणारे त्यावर मान डोलवत. पदार्थविज्ञान उलट सांगते. पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या रेणूपेक्षा हलका असतो, त्यामुळे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. आपल्याला ती जड वाटते, कारण घाम वाळत नाही! ऊन हवा तर चेंडूला नक्कीच साथ देते; तापमान दहा अंश फॅरनहाइटने वाढले, तर मोठा फटका तीन-चार फूट पुढे जातो. दमटपणाचा खरा परिणाम हवेवर नाही, चेंडूवर होतो. दमट जागी ठेवलेला चेंडू जरा जड आणि जरा मऊ होतो, बॅटवरून कमी उसळतो.

डेन्वरच्या मंडळींनी नेमके हेच हेरले. मैदानावरच्या एका तंत्रज्ञाला शिकारीला गेला असताना दिसले, की कोरड्या हवेत आपले चामड्याचे बूट आक्रसताहेत. चेंडूचेही कातडे चामड्याचेच, मग गोदामात त्याचे तेच होत असणार. 2002 पासून तिथे चेंडू एका खोलीत ठरावीक आर्द्रतेत ठेवले जाऊ लागले आणि पुढच्या काही वर्षांत होमरन सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरले. बुकींचे आकडेही मुकाट्याने खाली आले. 2022 पासून सगळ्या तीस संघांना अशी खोली सक्तीची झाली आहे.

पण मैदान म्हणजे काही नशिबाचा लेख नव्हे. पंधरा धावांच्या त्या 1996 सालातच, 17 सप्टेंबरच्या रात्री, जपानचा हिडेओ नोमो लॉस एंजेलिसकडून कूर्सवर उतरला. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला, गारठा होता, पिचरचा उंचवटा निसरडा झालेला. पाय घसरू नये म्हणून नोमोने आपली ती प्रसिद्ध पाठ वळवून फेकण्याची लांबलचक शैली आवरती घेतली आणि संपूर्ण सामन्यात रॉकीजला एकही हिट दिली नाही. त्या मैदानावर असा पराक्रम नंतर कुणालाच जमलेला नाही.

मधल्या काळात कायदा पालटला. 1992 च्या संघराज्य कायद्याने नेवाडासारखे अपवाद सोडून खेळांवरच्या पैजांना मनाई होती. 14 मे 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि बघता बघता पस्तीसहून अधिक राज्यांनी दारे उघडली. रिग्लीच्या ज्या सज्जातून 1920 मध्ये जुगाऱ्यांना पकडून नेले, त्याच मैदानाला लागून 2023 मध्ये पैजा घेणाऱ्या एका कंपनीचे मोठे दालन उघडले. आता वाऱ्याची दिशा सकाळी फोनवर विचारावी लागत नाही. ती यंत्रांना मिनिटामिनिटाला कळते आणि आकडा त्याच क्षणी सरकतो. सामान्य माणसाला मात्र हातातल्या मोबाइलवर तोच जुना झेंडा दिसत राहतो, आणि आपल्यालाच तो दिसला असे वाटत राहते. मला यातले हेच सर्वांत क्रूर वाटते.

मैदानाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हा हिशेब बुकी तासाभरात उरकतो. चुकला तर दोन पैशांनी आकडा हलवतो. दुसऱ्या एका माणसाच्या बाबतीत हाच हिशेब दहा वर्षे चालला. लॅरी वॉकर हा कॅनडात जन्मलेला खेळाडू रॉकीजकडून खेळला. कूर्स फील्डवर त्याची कारकिर्दीतली सरासरी .381 होती, आणि तीच त्याच्या मुळावर आली. ‘हे सगळे डेन्वरच्या हवेचे’ असे म्हणत हॉल ऑफ फेमचे मतदार दरवर्षी त्याला मागे ठेवत राहिले. 1997 मध्ये त्याने 49 होमरन मारले, त्यांतले 29 परक्या मैदानांवरचे होते, याकडे बघायला अनेकांना सवड नव्हती. उमेदवारीची मुदत दहा वर्षांची. जानेवारी 2020 मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या खेपेला, 397 मतांपैकी 298 हवी होती. वॉकरला 304 मिळाली.