मशे, जिव्या सोमा

(१९३४–१५ मे २०१८). महाराष्ट्रातील ख्यातनाम वारली चित्रकार. विवाहविधीशी निगडित असलेल्या वारली भित्तिचित्रणाला कागद व कापड या माध्यमांवर स्वतंत्र चित्रकलेचे रूप देणारे आद्य कलावंत म्हणून ते ओळखले जातात. त्यांचा जन्म तलासरी तालुक्यातील धामणगाव येथे झाला. हा तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास त्यांची आई वारली. या आघाताने त्यांनी दीर्घकाळ बोलणे सोडले व मनातले सांगण्यासाठी ते धुळीत आकृत्या रेखाटू लागले, असे त्यांच्या बालपणाविषयी सांगितले जाते. औपचारिक शिक्षण त्यांना लाभले नाही. शेतात राबून ते उपजीविका करीत. पुढे डहाणू तालुक्यातील गंजाड गावाजवळचा कळंबीपाडा हे त्यांच्या वास्तव्याचे व चित्रनिर्मितीचे कायमचे ठिकाण झाले.

वारली जमातीची वस्ती सह्याद्रीच्या उत्तर भागात दोन्ही बाजूंना पसरलेली आहे. पश्चिमेस डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके, पूर्वेस नासिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा हा डोंगराळ भाग आणि उत्तरेस दादरा व नगरहवेली तसेच दक्षिण गुजरातचा लगतचा प्रदेश असा तिचा विस्तार आहे. पेठ भागात वारल्यांच्या शेजारी कोकणा व महादेव कोळी या जमातीही राहतात. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यांवर शेणामातीचा लेप आणि पावसाच्या पाण्यावर पिकणारे भात व नागली हे या डोंगरपट्टीतील जीवनाचे जुने स्वरूप होय. वारली चित्रांतील माणसे, झाडे, गुरे आणि शेतीची कामे या जीवनातूनच आलेली आहेत.

परंपरेने वारली चित्र हे लग्नघरातील विधीचे अंग असे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठात पाणी कालवून, बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेल्या कुंचलीने लग्नचौक काढला जाई. तो काढण्याचा मान सवासिनींचा असे आणि लग्नविधीतील गाणी धवलेरी म्हणे. चौकाच्या चौकटीत पालघट देवीची आकृती असते. लगतच्या लहान चौकात घोड्यावरील पंचशिऱ्या देव दाखवितात. चौकाभोवती झाडे, पशुपक्षी, सूर्य, चंद्र, वऱ्हाडी आणि तारप्याच्या तालावर नाचणारी माणसे येतात. चौक काढल्याखेरीज लग्न पुरे झाले असे मानीत नसत. लग्न आटोपल्यावर मात्र या चित्राची जपणूक होत नसे. भिंत पुन्हा सारवली, की ते पुसले जाई आणि ते काढणारीचे नाव कोठेही नोंदले जात नसे. या चित्रशैलीचे मूळ प्रागैतिहासिक गुंफाचित्रांत असावे, असे आकृतींच्या साम्यावरून काही अभ्यासकांनी सुचविले आहे. तथापि त्या काळापासून ती अखंड चालत आल्याचा निर्णायक पुरावा मिळत नाही.

मशे यांनी हे चित्रण स्त्रियांचे काम पाहून आत्मसात केले. पुरुषाने केवळ चित्र काढण्याच्या ओढीने, लग्नाचे निमित्त नसताना रोज चित्रे काढावीत, ही गोष्ट त्यांच्या समाजात नवी होती. तिला बाहेरून पाठबळ मिळाले ते विसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या प्रारंभी. हस्तकला व हातमाग निर्यात महामंडळाच्या प्रमुख पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात मधुबनी परिसरातील स्त्रियांना कागद देऊन त्यांची भित्तिचित्रे कागदावर उतरविण्याच्या कामाचा अनुभव त्यांच्या गाठी होता. गंजाड परिसरात त्यांना मशे यांच्या रेखनातील वेगळेपण जाणवले. त्यांनी मशे यांना कागद व रंग पुरविले आणि त्यांची चित्रे शहरातील रसिकांपर्यंत पोहोचविली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात मशे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि पुढील वर्षी फ्रान्समधील मेन्टन येथे ती मांडली गेली. कळंबीपाड्याचे घर व शेती मात्र मशे यांनी सोडली नाही.

माध्यम बदलताना परंपरेतील मोजके रूपघटक मशे यांनी कायम ठेवले. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन हे वारली रेखनाचे मूळ आकार होत. टोकाशी जोडलेल्या दोन त्रिकोणांतून मानवी धड साकार होते. डोक्यासाठी वर्तुळ आणि हातापायांसाठी रेषा पुरतात. मशे यांनी कागदाला वा कापडाला शेणाचा अथवा गेरूचा लेप देऊन त्यावर पांढऱ्या रंगाने काम केले. तांदळाच्या पिठाऐवजी टिकाऊ तयार रंग घेतला. महत्त्वाचा फरक पडला तो रचनेत. विधीच्या चित्रात देवीचा चौक हे केंद्र असते व बाकीचे विषय त्याच्या भोवताली येतात. मशे यांच्या चित्रांत हे केंद्र सुटले आणि भोवतालचे जीवन हाच चित्राचा विषय झाला. भातलावणी, झोडणी, शिकार, मासेमारी, वारूळ, जंगल, लोककथांतील प्रसंग आणि तारपानृत्य यांनी त्यांचा चित्रफलक व्यापलेला दिसतो. लग्नचौकही त्यांनी कागदावर रेखाटला. पण तेथे तो अनेक विषयांपैकी एक ठरला.

सूक्ष्म रेषा व ठिपके यांच्या दाटीतून गती निर्माण करणे हे त्यांच्या शैलीचे मुख्य वैशिष्ट्य होय. मासेमारीच्या जाळ्यावरील त्यांची चित्रे या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. त्यांत बारीक विणीचे जाळे जवळजवळ सर्व पृष्ठभाग व्यापते व मासे आणि माणसे त्याच्या तुलनेत लहान होतात. तारपानृत्याच्या चित्रांत वादकाभोवती नर्तकांची साखळी सर्पिलाकार फिरते. खोली दाखविणारे यथादर्शन वा छायाप्रकाश यांचा आधार न घेता, केवळ आकारांच्या मांडणीतून ते अवकाशाचा प्रत्यय देतात. रिकामी सोडलेली जागाही त्यांच्या रचनेत सहेतुक असते.

मशे यांना १९७६ मध्ये आदिवासी कलेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये शिल्पगुरू, २००९ मध्ये नेदर्लंड्समधील प्रिन्स क्लॉस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री हे सन्मान त्यांना लाभले. पॅरिस येथील १९८९ च्या ‘माजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात पाश्चात्त्य व पाश्चात्त्येतर समकालीन कलावंतांना समान पातळीवर मांडण्याचा प्रयत्न झाला. त्यात मशे यांच्यासह मिथिलेच्या बौआ देवी व गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांची चित्रे होती. निसर्गातील पदभ्रमण व दगडमातीच्या रचना यांसाठी प्रसिद्ध असलेले ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासमवेत त्यांचे संयुक्त प्रदर्शन २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे व २००४ मध्ये इटलीतील मिलान येथे झाले. आदिवासी चित्रकाराची निर्मिती मानववंशशास्त्रीय संग्रहालयाच्या कक्षेतून समकालीन कलेच्या दालनात येण्याच्या प्रक्रियेतील हे महत्त्वाचे टप्पे होत.

मशे यांच्या यशामुळे वारली चित्रकला हे अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन बनले. त्यांचे पुत्र सदाशिव व बाळू यांनी हा वारसा चालविला आणि राजेश वांगड यांच्यासारख्या पुढील पिढीतील चित्रकारांनी त्याला नवे विषय दिले. या विस्ताराची दुसरी बाजूही आहे. सवासिनींच्या सामूहिक व अनामिक निर्मितीतून पुढे आलेल्या या कलेत, चित्राखाली सही करून कीर्ती मिळविणाऱ्यांत पुरुषांची संख्या अधिक राहिली. कापड, मातीची भांडी, भेटवस्तू व सार्वजनिक इमारतींच्या भिंती यांवर वारली आकृत्या सर्रास उमटू लागल्या आणि अनेकदा त्या काढणारे वारली नसत. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये मिळालेली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी ही मूळ समाजाचा हक्क जपण्याच्या प्रयत्नांचा भाग होय. ठराविक नर्तकांच्या साखळीची पुनरावृत्ती करणारी बाजारी सजावट आणि मशे यांची चित्रे यांतील अंतर यामुळे अधिक स्पष्ट होते. परंपरेचे आकार त्यांनी नक्षी म्हणून वापरले नाहीत. श्रम, ऋतू व प्राणिसृष्टी यांचे स्वतः पाहिलेले जग त्यांनी त्या आकारांत पुन्हा घडविले. विधी संपताच पुसल्या जाणाऱ्या चित्रभाषेला त्यांनी टिकाऊ पृष्ठभाग आणि कर्त्याचे नाव मिळवून दिले, हे भारतीय कलेच्या इतिहासातील त्यांचे प्रमुख कार्य होय.