कोसबाडच्या टेकडीवरील वारसा

संस्था उभी करणाऱ्या व्यक्तीचे चरित्र आपण आदराने वाचतो. तिची जन्मशताब्दी साजरी होते, तिचे छायाचित्र सभागृहात लागते. मात्र तिच्या पश्चात ती संस्था ज्यांनी पुढे नेली, त्यांच्याकडे इतिहासाचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः संस्थेची खरी परीक्षा संस्थापकाच्या निधनानंतरच सुरू होते. शाळेच्या बाबतीत तर हे अधिकच खरे, कारण शाळेत काय शिकवावे याचे नियम लिहून ठेवता येतात. मुलाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे मात्र कागदावरून पुढच्या हाती देता येत नाही. या दृष्टीने डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर १९७३ साली झालेले नेतृत्वाचे स्थित्यंतर आम्हांस अभ्यासण्याजोगे वाटते.

या कथेचा आरंभ कोसबाडला नव्हे, तर गुजरातेतील भावनगरला झाला. तेथील दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. मूळचे वकील असलेले गिजुभाई मारिया मॉंटेसरी यांच्या विचारांनी भारावून गेले होते. भीती आणि छडी यांवाचून लहान मूल शिकू शकते, किंबहुना तसेच ते उत्तम शिकते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले. या कामात त्यांना ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. राजकोटच्या महिला अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाचा मान आणि स्थैर्य सोडून त्या तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये येऊन बसल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले.

१९३९ साली गिजुभाई निवर्तले. सहकाऱ्याच्या निधनानंतर चळवळ पुढे नेण्याचा भार ताराबाईंवर आला. हे पहिले स्थित्यंतर होय, आणि पुढील सारे समजून घेण्यास ते महत्त्वाचे आहे. भावनगर व दादर येथील बालमंदिरे मुख्यतः शहरी, सुशिक्षित घरांतील मुलांची होती. मॉंटेसरी पद्धतीची साधने खर्चिक, शिक्षिका विशेष प्रशिक्षण घेतलेल्या. गिजुभाईंच्या नावाने तेच काम तसेच चालू ठेवले असते, तरी कोणी ताराबाईंना नावे ठेवली नसती. परंतु हे शिक्षण खेड्यातील दरिद्री मुलास मिळणार की नाही, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईतील जम बसलेले काम मागे ठेवून त्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या व तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

ते वर्षही लक्षात ठेवण्याजोगे आहे. डहाणू, तलासरी, उंबरगाव या टापूतील वारली आदिवासी त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. सावकार व जमीनदार यांच्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या या माणसांच्या मुलांना शाळा ही वस्तू ठाऊकच नव्हती. वसईच्या उत्तरेस रेल्वेने दोन-अडीच तासांच्या वाटेवर ही स्थिती होती. याच परिसरात तलासरी येथे येशूसंघीय धर्मगुरूंनी आदिवासी मुलांसाठी केलेले शैक्षणिक कार्य आमच्या बहुतेक वाचकांस परिचित आहे.

बोर्डीच्या या कामात १९४५ सालीच अनुताई वाघ दाखल झाल्या. ताराबाईंहून त्या अठरा वर्षांनी लहान. दोघींच्या पूर्वायुष्यात साम्य थोडे. अनुताईंचा विवाह बालवयात झाला आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळच्या चालीप्रमाणे एका कोपऱ्यात आयुष्य काढण्याऐवजी त्या प्राथमिक शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी करता करता त्यांनी रात्रशाळेतून मॅट्रिकची परीक्षा दिली. पदवी तर पन्नाशी उलटल्यावर मिळविली. ताराबाईंपाशी विद्वत्ता, संघटनेचा अनुभव आणि थोरामोठ्यांशी परिचय होता. अनुताईंपाशी वर्गात दिवसभर उभे राहणाऱ्या शिक्षिकेचे हात होते.

पुढील अठ्ठावीस वर्षे या दोघींनी एकत्र काम केले. बालवाडी उघडली, पण गावाबाहेरच्या वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. आईबाप मजुरीला गेलेले, धाकटे भावंड कडेवर आणि अंगावर धड कपडा नाही. अशा मुलाने गावातील नीटनेटक्या शाळेची पायरी चढावी तरी कशी? तेव्हा शाळाच वस्तीतील अंगणात नेण्यात आली. ती अंगणवाडी. तेथे आधी मुलांना आंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे, मग गाणी आणि गोष्टी. थोडी मोठी मुले गुरे घेऊन रानात जात. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले, आणि ती कुरणशाळा झाली. परदेशी पद्धतीच्या महाग साधनांची जागा शंख-शिंपले, खडे, बिया, पाने यांनी घेतली. १९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडला हलले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणणारी विकासवाडी तेथे नांदू लागली. तान्हे भावंड पाळणाघरात सुरक्षित आहे म्हटल्यावर थोरली बहीण शाळेत बसू शके, असा हा साधा हिशेब होता.

ऑगस्ट १९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाले. पद्मभूषण किताबाने गौरविलेल्या संस्थापिकेच्या जागी त्रेसष्ट वर्षांच्या अनुताई आल्या. खरे पाहता वारसाची नेमणूक फार पूर्वीच होऊन गेली होती. अंगणातील प्रत्येक अडचण दोघींनी मिळून सोडविली होती, त्यामुळे कोणते काम का सुरू केले आणि कोणते का सोडून दिले, हे अनुताईंना दुसऱ्याकडून ऐकावे लागले नाही. नेतृत्व एका सभेत हस्तांतरित होते, अशी आपली समजूत असते. कोसबाडला ते हस्तांतरण १९४५ पासूनच रोज चालू होते.

यानंतरचा काळ सोपा नव्हता. १९७५ साली केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ज्या संस्थेने तो शब्द रुजविला, तिच्यासाठी हा आनंदाचा क्षण तसाच कसोटीचाही. शब्द शासनाकडे गेला, योजना मोठी झाली. आता टेकडीवरील लहानशा केंद्राने काय करावे? अनुताई जुन्या श्रेयाच्या राखणीत गुंतल्या नाहीत. शिक्षिकांचे प्रशिक्षण आणि लेखन यांवर त्यांनी भर दिला. ताराबाईंनी मराठीत चालविलेल्या शिक्षणपत्रिकेची धुरा त्यांनी वाहिली. गिजुभाईंच्या प्रेरणेतून निघालेले हे मासिक अशा रीतीने तिसऱ्या हाती आले. कोसबाडच्या टेकडीवरून या पुस्तकात त्यांनी आपल्या अनुभवांची नोंद करून ठेवली. १९८२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे यांच्यासमवेत त्यांनी ग्राममंगल ही नवी संस्था सुरू केली. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सप्टेंबर १९९२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा लहान मुलांच्या शिक्षणाचे काम करणारी पुढची फळी उभी राहिलेली होती.

या तिघांच्या कार्यात एक सूत्र आम्हांस स्पष्ट दिसते. गिजुभाईंचे बालमंदिर ताराबाईंनी जसेच्या तसे जपले नाही. त्या ते अंगणात घेऊन गेल्या. ताराबाईंच्या केंद्राचेही अनुताईंनी स्मारक होऊ दिले नाही. वारस म्हणून प्रत्येकीने एकच गोष्ट सांभाळली : आज कोणते मूल शाळेबाहेर राहिले आहे, हा प्रश्न. उत्तर प्रत्येक वेळी निराळे आले.

आपल्या धर्मग्रामांतील शाळाही कोणा द्रष्ट्या धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी वा शिक्षकांनी कष्टाने उभारल्या. मुख्याध्यापक बदलतात तेव्हा निकाल, शिस्त, इमारत यांविषयी आपल्यात हिरिरीने चर्चा होते. नवे येणारे जुन्यांसारखे आहेत काय, असे आपण विचारतो. कोसबाडचा इतिहास याहून वेगळा प्रश्न विचारावयास शिकवितो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण औपचारिक रचनेत घेतले आहे. म्हणजे ताराबाई-अनुताईंचा आग्रह आता धोरणाचा भाग झाला आहे. तरीही विटभट्टीवरील मजुराचे, नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या बापाचे मूल आपल्या शाळेच्या फाटकाशी येऊन थबकत असेल, तर त्याच्यापर्यंत कोण जाणार, हे धोरण ठरवू शकत नाही. ते त्या शाळेच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने, आणि तिला साथ देणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी ठरवावयाचे आहे.