हिस्टेरोस्कोपी : धास्ती किती, दुखणे किती?

‘गर्भपिशवीची दुर्बिणीतून तपासणी करावी लागेल,’ असे डॉक्टरांनी सांगितले की बहुतेक स्त्रियांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो दुखण्याचा. मात्र तो विचारला जातोच असे नाही. दवाखान्यात गर्दी असते, सोबत नातेवाईक असतात, आणि ‘बाळंतपण सोसले, मग हे काय मोठे’ असे म्हणणारेही घरात भेटतात. परिणामी कुणी ही तपासणी महिनोन्महिने लांबणीवर टाकते, तर कुणी काहीही न विचारता मुकाट्याने टेबलावर जाते. दोन्हींत नुकसान रुग्णाचेच होते. म्हणूनच या तपासणीची नेमकी माहिती आधीच असणे आवश्यक आहे.

तपासणी कशी होते?

हिस्टेरोस्कोपीत पोटावर कोठेही छेद घेतला जात नाही. काही मिलिमीटर जाडीची, दिवा आणि कॅमेरा जोडलेली दुर्बीण योनिमार्गातून गर्भाशयमुखावाटे आत नेली जाते. गर्भाशयाची पोकळी एरवी मिटलेली असते. ती उघडून नीट दिसावी यासाठी दुर्बिणीतून सलाइन सोडले जाते आणि आतील चित्र पडद्यावर उमटते. केवळ पाहणी करायची असल्यास पाच ते दहा मिनिटे पुरतात. पॉलिप किंवा लहान फायब्रॉइड काढायचा असल्यास अधिक वेळ लागतो.

ही कल्पना नवी नाही. पॅन्टालिओनी या डॉक्टरांनी १८६९ मध्ये, रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होणाऱ्या ६० वर्षांच्या एका स्त्रीच्या गर्भाशयात नळीतून डोकावून पॉलिपसारखी वाढ शोधली होती. आजच्या बारीक दुर्बिणी हे त्याच प्रयत्नाचे सुधारलेले रूप होय.

ती कोणाला सांगितली जाते?

पाळीत अतिरिक्त किंवा अवेळी रक्तस्राव, रजोनिवृत्तीनंतर पुन्हा अंगावर जाणे, सोनोग्राफीत अस्तर जाड दिसणे, वारंवार गर्भपात, वंध्यत्व, आत अडकलेली तांबी ही त्याची प्रमुख कारणे. गर्भाशयाचे थर एकमेकांना चिकटण्याच्या विकाराचे सविस्तर वर्णन जोसेफ अ‍ॅशरमन यांनी १९४८ मध्ये केले. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वारंवार केलेले क्युरेटिंग हे त्याचे एक कारण. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग हेही त्याचे महत्त्वाचे कारण आहे.

रजोनिवृत्तीनंतरच्या रक्तस्रावाकडे तर दुर्लक्ष करूच नये. अशा साधारण दहा स्त्रियांपैकी एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो. नऊजणींचे कारण सौम्य निघते. पण आपण त्या नऊजणींपैकीच आहोत, हे तपासणीवाचून कळत नाही. भीतीपोटी चालढकल करण्यातला खरा धोका हाच.

दुखते ते का?

वेदनेच्या जागा मुख्यतः तीन. गर्भाशयमुखातून दुर्बीण जाताना, सलाइनने पोकळी ताणली जाताना आणि अस्तराचा तुकडा घेताना. पाळीच्या वेळी ओटीपोटात येतात तशा कळा येतात. काहींना कंबरेत दुखते. क्वचित घाम फुटून चक्कर येते. गर्भाशयमुखाला धक्का लागल्याने नाडी मंदावल्याचा तो परिणाम असतो आणि आडवे पडून राहिल्यास बहुधा थोड्या वेळात ओसरतो.

सर्वांना सारखे दुखत नाही. ज्यांचे नैसर्गिक बाळंतपण झालेले नाही, ज्यांची पाळी कायमची थांबली आहे, ज्यांना पाळीत फार दुखते, त्यांना त्रास अधिक होण्याची शक्यता असते. मनावरील ताणानेही वेदना वाढते. पण ‘तुम्ही घाबरलात म्हणून दुखले’ असे म्हणून रुग्णाची तक्रार मोडीत काढणे योग्य नव्हे.

इंग्लंडमधील धडा

इंग्लंडमध्ये ही तपासणी बाह्यरुग्ण विभागात, बहुधा जागेपणीच केली जाते. अनेकींना ती सुसह्य वाटते. परंतु सुमारे एक तृतीयांश स्त्रिया दहापैकी सात किंवा त्याहून अधिक तीव्रतेची वेदना झाल्याचे सांगतात. त्रास सोसलेल्या स्त्रियांनी तेथे मोहीम उभारली. तत्कालीन खासदार लिन ब्राऊन यांनी हा प्रश्न संसदेत अनेकदा मांडला. २०२३ मध्ये तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने वेदनाशमन आणि माहितीपूर्वक संमती यांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. भुलेचे पर्याय आधी समजावून सांगावेत आणि रुग्णाने थांबायला सांगताच थांबावे, हे त्यातील सूत्र.

कोणते पर्याय आहेत?

महाराष्ट्रातील अनेक रुग्णालयांत ही तपासणी शिरेतून अल्पकाळाची भूल देऊन केली जाते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जाते. भुलेत वेदना जाणवत नाहीत; पण त्यासाठी रक्ताच्या चाचण्या, उपाशीपोटी येणे आणि सोबत कुणीतरी असणे आवश्यक असते. भुलेचा खर्च व जोखीमही विचारात घ्यावी लागते.

जागेपणी तपासणी करायची असल्यास साधारण तासभर आधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी दिली जाते. आम्लपित्त, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गर्भाशयमुखाजवळ भुलेचे इंजेक्शन देता येते. योनिमार्गात फाकणी न घालता थेट बारीक दुर्बीण नेण्याची पद्धत इटलीचे डॉ. स्टेफानो बेटोकी यांनी नव्वदच्या दशकात रूढ केली. तिने दुखणे कमी होते.

आधी आणि नंतर

पाळी येत असल्यास ती संपल्यानंतरच्या दिवसांत तपासणी करणे सोयीचे, कारण तेव्हा अस्तर पातळ असते. गर्भधारणेची शक्यता, जंतुसंसर्ग, रक्त पातळ करणारी औषधे, आधीचे सिझेरियन यांची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

तपासणीनंतर एक-दोन दिवस पोटात कळा आणि काही दिवस थोडे रक्त जाणे स्वाभाविक आहे. रक्त जाणे थांबेपर्यंत शरीरसंबंध टाळावेत. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढता रक्तस्राव किंवा गोळीने न थांबणारे दुखणे असल्यास मात्र त्वरित रुग्णालय गाठावे. जंतुसंसर्ग किंवा गर्भाशयाला छिद्र पडणे या गुंतागुंती क्वचित घडतात. पण त्या वेळीच ओळखणे महत्त्वाचे.

डॉक्टरांना काय विचारावे?

ही तपासणी मला कशासाठी हवी? केवळ पाहणी होणार की काही काढणारही? भूल कोणती आणि ती नको किंवा हवीच असल्यास पर्याय काय? दुर्बीण किती जाडीची? मध्येच असह्य झाले तर काय कराल? अहवाल कधी मिळेल?

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी हे प्रश्न विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. मनातील धास्तीही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. त्यानुसार भुलेचा निर्णय बदलता येतो आणि जागेपणी तपासणी सुरू झाल्यानंतरही ‘थांबा’ म्हणता येते. तपासणी टाळण्यापेक्षा ती आपल्याला सोसेल अशा रीतीने करून घेणे, हेच हिताचे.