अर्थनिर्णय आणि बचाव : कोलकात्यातील एक व्यंगचित्र-खटला

संगणकीय गुन्ह्यांच्या खटल्यांत बचावपक्षाचा युक्तिवाद बहुधा तांत्रिक पुराव्याभोवती फिरतो. कोलकात्यातील एका खटल्यात मात्र वादाच्या मुळाशी संहितेचा अर्थ होता. म्हणून तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची दखल घेणे अगत्याचे ठरते.

जादवपूर विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना १२ एप्रिल २०१२ रोजी रात्री अटक झाली. आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना त्यांनी ई-मेलने एक व्यंगचित्र पाठविले होते. रेल्वेमंत्रिपदावरून दिनेश त्रिवेदी जाऊन मुकुल रॉय आले, हा त्याचा विषय. सत्यजित राय यांच्या 'सोनार केल्ला' (१९७४) या चित्रपटातही मुकुल नावाचा मुलगा आहे. तेथे खलपात्रे एका माणसाला कड्यावरून ढकलतात आणि तो दुष्ट माणूस नाहीसा झाला, असे मुलाला सांगतात. हा संदर्भ ठाऊक असणाऱ्या बंगाली वाचकाला ते विडंबन वाटले. सत्तापक्षाच्या बाजूने मात्र 'नाहीसा होणे' याचा अर्थ जिवे मारणे असा लावला गेला.

माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम '६६अ' अशा वाच्यार्थी वाचनाला अनुकूल होते. 'अत्यंत आक्षेपार्ह', 'त्रासदायक' या शब्दांच्या व्याख्या त्यात नव्हत्या; शिक्षा तीन वर्षांपर्यंत होती. राज्य मानवी हक्क आयोगाने २०१२ मध्येच महापात्रा व त्यांच्या सहआरोपीस प्रत्येकी ५०,००० रुपये भरपाई देण्याची शिफारस केली.

कायद्याला निर्णायक आव्हान मिळाले ते महाराष्ट्रातील घटनेनंतर. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या 'बंद'विषयी फेसबुकवर व्यक्त झालेल्या पालघरच्या दोन तरुणींना नोव्हेंबर २०१२ मध्ये अटक झाली. त्यातून उद्भवलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम रद्द केले. चर्चा, प्रतिपादन आणि चिथावणी यांतील भेद करून, केवळ चिथावणीच्या पातळीवर पोहोचणारे वचनच निर्बंधास पात्र ठरते, असे न्यायालयाने मानले.

तरीही महापात्रा यांची अलीपूर न्यायालयातून मुक्तता होण्यास जानेवारी २०२३ उजाडले. कलम संदिग्धतेमुळे पडले; संदर्भसूचक संहिता न्यायालयाने कशी वाचावी, हा प्रश्न त्या निर्णयाने सुटला नाही. बदनामीचा गुन्हा २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. त्यामुळे आरोपीच्या बचावात विडंबनाची परंपरा आणि वाचकसमूहाची पूर्वओळख सिद्ध करणे, हे यापुढेही साहित्याभ्यासाशी निगडित कार्य राहील.